आधी मत देऊन या

अण्णा गेले ते नेमके मतदानाच्या दिवशी, उजाडता उजाडता. आजारपण सुरू झाल्यावर त्यांची खाट लाँड्रीच्या वर, मागच्या खोलीत हलवली होती. आज सुट्टी असल्यामुळे खाली बॉयलर बंद होता. रोज पायाखाली जाणवणारी थरथर नव्हती, म्हणून श्वास थांबला तो चिमीला लगेच कळला.

डॉक्टर येऊन गेले. आईनं खिडकी उघडली आणि अंगावरची चादर बदलली. चांगली कडक इस्त्रीची पांढरी चादर काढली. या घरात चादरींना कधी तोटा नव्हता. मग ती खाटेशेजारच्या स्टुलावर बसली.

चिमी ही अण्णांची धाकटी. चाळिशी उलटली, लाँड्रीचा सगळा कारभार हातात आला, तरी घरात ती चिमीच राहिली. आज मतपत्रिकेवर तिचं नाव होतं. हॉस्पिटलच्या धुलाईघरातल्या बायका आणि वखारीतले हमाल यांना घेऊन अण्णांनी उभा केलेला पक्ष कधीच फार वाढला नाही. फार पूर्वी एकदा अण्णा स्वतः निवडून आले होते. पुढं दर खेपेला लढायचं आणि पडायचं, हे अंगवळणीच पडलं होतं. पण या वेळी नुसतं पडून भागणार नव्हतं. ठरलेल्या प्रमाणात मतं पडली नाहीत तर पक्षाची नोंदणीच जाणार होती. म्हणजे पुढच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचं नावसुद्धा नाही.

थोरला भाऊ आणि वहिनी आले तेव्हा चिमी चपला घालून तयार होती. भाऊ बापाच्या पायाशी बराच वेळ उभा राहिला. सत्ताधारी पक्षात गेल्यापासून त्याचं या घरात येणं तुटलंच होतं. अण्णा अंथरुणाला खिळल्यावर तो पुन्हा येऊ लागला होता. यायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा, हवापाण्याचं बोलून जायचा.

"संध्याकाळपर्यंत कुणाला सांगायचं नाही," चिमी म्हणाली.

भाऊनं मान वर केली. "काय?"

"मतदान संपेपर्यंत. कळलं तर सगळे इथं येऊन बसतील. आपले लोक तुला माहीत आहेत. अण्णा गेले म्हटल्यावर एकजण केंद्राकडे फिरकणार नाही."

"बाप गेलाय चिमे. आणि तू दार लावून मतं मागत फिरणार?"

"फिरणार."

"उद्या तोंड कसं दाखवशील लोकांना?"

"तुला बरंच आहे की," चिमी म्हणाली. "आज सगळे इथं रडत बसले तर तुमचं आयतंच फावेल."

बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. भाऊचा चेहरा एकदम थकलेला दिसला, आणि अण्णांसारखा.

वहिनी दाराशी उभी होती. ती औषधाच्या दुकानात काम करायची, कमी बोलायची. या घरात नवऱ्याची बाजू घ्यायची की सासऱ्याची, हा प्रश्न तिनं आजवर गप्प राहून सोडवला होता. ती म्हणाली, "लोकांचं चिमी म्हणते ते खरं आहे. येऊन बसतील. पण लपवून लपणार नाही. डॉक्टरांची गाडी समोरच्या शिंपीणबाईंनी पाहिली. त्यांना कळलं म्हणजे गल्लीला कळलं."

"तू हिची बाजू घेतेस?" भाऊ म्हणाला.

"मी कुणाची घेत नाही. जे आहे ते सांगते."

मग तिघंही आईकडे बघू लागली. आईनं चादरीची एक सुरकुती तळव्यानं सपाट केली.

"लपवायचं नाही," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाला जिवंत भासवून मतं मागायची, असलं यांनी कधी केलं नाही, आता यांच्या नावानं नको. आणि गर्दीही नको. दार उघडं ठेवा. येईल त्याला मी सांगीन, आधी मत देऊन या, मग बसा यांच्यापाशी."

"आई, लोक नावं ठेवतील," वहिनी म्हणाली.

"ठेवू देत. जन्मभर मी यांना नावं ठेवली. एक दिवस लोकांनी मला ठेवली तर काय बिघडलं?" मग तिनं लेकीकडे पाहिलं. "तू जा. आणि कुणी विचारलं तर खरं सांग."

*

चिमी खाली उतरली तोवर बातमी तिच्यापुढं निघून गेली होती. वखारीच्या गल्लीत बंद शटरांसमोर हमाल घोळक्यानं उभे होते. तिला पाहून त्यांनी टोप्या काढल्या.

"आम्ही तुमच्या घरीच निघालो होतो ताई," त्यांच्यातला मुकादम म्हणाला.

"घरी आई आहे. ती म्हणते, आधी मत देऊन या."

ते एकमेकांकडे बघू लागले. एकजण म्हणाला, "अण्णाच राहिले नाहीत. आता मत कुणाला द्यायचं?"

"मला."

तो ओशाळला. "तसं नाही ताई."

"मला कळलं कसं ते. मलाही आज तसंच वाटतंय." तिनं केंद्राच्या दिशेनं बोट केलं. "पण केंद्र आज उघडं आहे, उद्या नसेल. अण्णा उद्याही नसणारच आहेत."

मुकादमानं टोपी डोक्यावर घातली. "चला रे," म्हणाला. काहीजण त्याच्यामागून गेले. काही तिथंच घुटमळले, आणि चिमी वळल्यावर हळूहळू आपापल्या घराकडे पांगले. तिनं ते पाहिलं. पण प्रत्येकाच्या मागं धावणं शक्य नव्हतं.

गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर पक्षातली एक जुनी मावशी राहायची. धुलाईघरात हात भाजून भाजून तिची बोटं कायमची आखडली होती. पहिल्या संपात अण्णांच्या शेजारी बसलेल्यांपैकी ती शेवटची. दार उघडंच होतं. मावशी पलंगावर बसली होती, बाहेर जायचे कपडे घातलेले, पण एका पायातला मोजा अर्धाच चढवलेला.

"ये पोरी," मावशी म्हणाली. "सकाळी तयार झाले होते. मग शेजारणीनं सांगितलं. तेव्हापासून हा मोजाच चढेना."

चिमीनं खाली बसून मोजा वर ओढला. तशीच जमिनीवर बसून राहिली.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"तू निवडून येणार आहेस का?"

"नाही मावशी."

"जवळपास तरी?"

"तेही नाही."

मावशी हसली नाही, रागावलीही नाही. "मग मला म्हातारीला जिने उतरवून कशाला नेतेस?"

दारोदार सांगायची वाक्यं चिमीला पाठ होती. नोंदणी जाईल, नाव जाईल, अण्णांची आठवण. त्यातलं एकही तिला इथं बोलवेना.

"मागच्या खेपेला आपण पडलो," ती म्हणाली. "आठवतं? आणि पुढच्याच वर्षी धुलाईघरात सगळ्यांना हातमोजे आले. इतकी वर्षं मागत होतो तेव्हा नाही आले. आपला माणूस तर आत नव्हता. मग का आले?"

"का?"

"कारण जो जिंकतो ना, तो स्वतःची मतं एकदा मोजतो आणि हरलेल्यांची दहादा. त्याला धास्ती असते, ही माणसं उद्या कुणीकडे जातील. आपण गेलोच नाही तर त्याला धास्तीच उरणार नाही."

मावशी आपल्या बोटांकडे बघत राहिली. "हातमोजे आले तेव्हा मी काम सोडून घरी बसले होते. माझ्या काय कामाचे."

"हो."

"आता माझी नात तिथंच आहे कामाला." थोड्या वेळानं ती म्हणाली, "बूट दे तो. आणि माझ्या दंडाला धर, बोटांना धरू नकोस."

*

भाऊ लाँड्रीच्या दारात आपल्या गाडीत बसला होता. वर जावं तर आई स्टुलावर, बायको दारात, आणि येणाऱ्या प्रत्येकाची नजर त्याच्या खिशावरच्या पक्षाच्या बिल्ल्यावर. म्हणून तो खाली येऊन बसला.

फोन आला तो त्याच्या पक्षाच्या शहरप्रमुखांचा. आवाज मऊ होता.

"फार वाईट झालं रे. मतभेद असतील, पण माणूस मोठा. साहेब स्वतः यायचं म्हणतायत. दुपारी. चौकात लहानशी शोकसभा घेऊ, खुर्च्या मी पाठवतो. अण्णांची सगळी माणसं तेवढी बोलावून घे. तुझ्या शब्दानं येतील."

"दुपारी मतदान असतं."

"असू दे ना. आपण काय प्रचार करतोय? शोकसभा ती."

भाऊनं स्वतः कितीतरी सभा भरवल्या होत्या. कुठल्या वेळी कुठल्या चौकात माणसं अडकवून ठेवली की कुणाचा फायदा होतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. साहेब उशिरा येतील. मग भाषण लांबेल. अण्णांचं कौतुक इतकं होईल की हमाल डोळे पुसत ऐकत राहतील, आणि उन्हं कलतील.

"संध्याकाळी या," तो म्हणाला. "मतदान संपल्यावर."

"संध्याकाळी साहेबांना जमणार नाही."

"मग राहू दे."

शहरप्रमुखांनी विषय बदलला. "शाळांच्या कंत्राटाचा माल तुझ्याच गाड्यांवर जातो ना अजून?"

"जातो."

"तेवढं ध्यानात असू दे."

"आहे ध्यानात. दुपारी नको."

फोन ठेवल्यावर त्याला बापाशी भांडून पक्ष सोडला तो दिवस आठवला. तेव्हा त्याला वाटलं होतं, आपण मोठ्या रस्त्याला लागलो. अण्णा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "जा. पण बिल्ला लावून माझ्यासमोर जेवायला बसू नकोस." त्यानं बिल्ला काढून गाडीच्या खणात टाकला. कुणी बघत नव्हतं, आणि त्याला कुणाला दाखवायचंही नव्हतं.

जिन्याच्या खालच्या पायरीवर बँडमास्तर बसले होते. पक्षाच्या प्रत्येक मिरवणुकीत पुढं पितळी कॉर्नेट वाजवत चालणारा हा माणूस. अण्णांचा सगळ्यात जुना सोबती, आणि सगळ्यात हट्टी. वर गेले, आईनं "आधी मत" म्हटलं, आणि ते खाली येऊन बसले, ते तसेच.

भाऊ त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

"मास्तर, चला. सोडतो तुम्हाला केंद्रावर."

"तू?" मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. "तू मला आमच्या पक्षाला मत द्यायला नेणार?"

"कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी नेतो फक्त."

"मी जाणार नाही. पन्नास वर्षांचा दोस्त वर पडलाय, आणि तुझी आई मला दारातून परत पाठवते. मतासाठी. मला हिशेबात धरलं तिनं."

"तसं नाही मास्तर."

"तसंच आहे. पक्ष पक्ष करत त्यानं घर जाळलं, तू गेलास, आता मरणसुद्धा त्याचं स्वतःचं राहिलं नाही. पुरे झालं. संपला तो पक्ष, त्याच्याबरोबर."

भाऊला हेच शब्द ओळखीचे वाटले. तो स्वतः हेच बोलत आला होता, जरा सभ्य भाषेत. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मात्र ते त्याला पटेनात.

"मास्तर," तो म्हणाला, "आईला वाटलं असतं तर ती दार बंद करून रडत बसली असती. तिचा हक्क होता. तिनं दार उघडं ठेवलंय, आणि सकाळपासून लोकांचे बोल खातेय. का? तिला पक्षाचं कधी कौतुक होतं का? तुम्हाला माहीत आहे, नव्हतं. अण्णांचं काम शेवटच्या दिवशी अर्धवट राहू नये, एवढंच तिला वाटतंय."

मास्तरांनी भाऊच्या खांद्यावर भार देऊन उठायचा प्रयत्न केला.

"गुडघे धरलेत. हळू." उभं राहिल्यावर म्हणाले, "रेल्वेपलीकडच्या नव्या वसाहतीत आपली माणसं गेलीत राहायला. मतं त्यांची इथंच आहेत. बस आज नाही म्हणे."

"मग आधी तिकडे जाऊ."

मास्तर गाडीत बसले, तेवढ्यात चिमी आली. मावशीला केंद्रावर पोहोचवून ती पुढची आळी गाठायला निघाली होती. गाडीत मागं बसलेल्या मास्तरांना पाहून ती थबकली.

"कुठं?"

"वसाहतीत. माणसं आणायला."

"भाऊ, उमेदवाराला मतदारांसाठी गाडी ठेवता येत नाही."

"मी कुठं तुझा? मी समोरचा," भाऊ म्हणाला. "समोरच्यानं तुझे मतदार आणून सोडले, तर तक्रार आमच्या पक्षानं करायची."

सकाळपासून पहिल्यांदा चिमीच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. तिला सकाळच्या बोलण्याची माफी मागायची होती. भाऊनं गाडी सुरू केली.

*

वर आईनं दिवसभर एकच वाक्य म्हटलं. कुणी ऐकलं आणि मुकाट्यानं परत फिरलं. कुणी म्हणालं, धन्य आहे, आणि ते कौतुक नव्हतं. दूरच्या नात्यातली एक बाई जिन्यात मोठ्यानं म्हणाली की नवरा गेल्याचं या बाईला काही आहे की नाही. आईला ते ऐकू गेलं. तिनं पदर सारखा केला, बस्स.

परत येणारेही होते. एकेकटे यायचे, उंबऱ्याशी थांबून "देऊन आलो" म्हणायचे. आई बाजूला सरायची. खरं की खोटं हे तिनं कुणालाच विचारलं नाही. माणूस खाटेपाशी बसायचा, आणि ती त्याला हवा तेवढा वेळ बसू द्यायची.

उन्हं उतरली तशी वर्दळ थांबली. वहिनीनं तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"आई, तुमचं मत राहिलंय."

"यांना सोडून कशी जाऊ?"

"मी थांबते."

आईनं पाणी घेतलं. "तुला सांगते. यांना मी दर खेपेला मत दिलं. पण मनापासून म्हणशील तर एकदाच, पहिल्यांदा. पुढं घरात भांडण नको म्हणून. रात्र रात्र सभा, सकाळी दारात माणसं, पोरांचं आजारपण मी एकटीनं काढायचं. मला या पक्षाचा फार राग आहे गं."

"मग दिवसभर हे कशाला केलंत?"

आईनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "राग आहे म्हणूनच. माझ्या आयुष्यातली इतकी वर्षं ज्यानं खाल्ली, ते असं कुणी न बघता विझून जावं? मग माझी वर्षं गेली कशात?"

वहिनीला आपल्या नवऱ्याच्या रात्रीच्या सभा आठवल्या, दुसऱ्या झेंड्याखालच्या. फरक फक्त झेंड्याचा होता. तिनं सासूचा हात धरून तिला उठवलं. "मीही दिलेलं नाही अजून. आपण दोघी जाऊ. हे आलेत खाली, ते बसतील अण्णांजवळ."

भाऊ वर आला. दोघी जिना उतरल्याचा आवाज थांबला तेव्हा खोलीत तो आणि बाप दोघंच होते. या वेळी तो खुर्चीच्या कडेवर बसला नाही. खाटेवर बसला, बापाचा थंड हात दोन्ही हातांत घेतला आणि मोकळेपणी रडला.

*

निकाल पुढच्या आठवड्यात लागला. तो इथंच सांगून टाकलेला बरा, कारण त्या संध्याकाळी कुणाला त्याचं भान नव्हतं. चिमी पडली. तिसरी आली. नोंदणी मात्र राहिली, अगदी काठावर. आणि महिनाभरानं शाळांच्या मालाचं कंत्राट भाऊच्या हातून गेलं. कारण विचारल्यावर त्यानं घरात एवढंच सांगितलं की गाड्या जुन्या झाल्या होत्या.

त्या संध्याकाळी चिमी केंद्राच्या फाटकाबाहेर उभी होती. शेवटी शेवटी माणसं धावत येत होती आणि ती रस्त्यावर पुढं जाऊन त्यांना हाताला धरून आणत होती. वखारीतला तो ओशाळलेला हमाल आला, मान खाली घालून आत गेला. आई आणि वहिनी आत जाऊन बाहेर आल्या. आई तिच्याजवळ क्षणभर थांबली आणि पुढं गेली. मग शिपायानं घंटा वाजवली आणि फाटक ओढून घेतलं.

चिमीनं रस्त्याकडे पाहिलं. कुणी येत नव्हतं. आता कुणाला बोलवायचं नव्हतं, कुणाला समजावायचं नव्हतं. सकाळपासून तिनं ज्याच्याकडे पाठ केली होती ते आता समोर येऊन उभं राहिलं.

भाऊची गाडी फाटकाशी येऊन थांबली. त्यानं आतून दार उघडलं. ती बसली.

"सकाळी मी तुला..." ती म्हणाली.

"असू दे."

गाडी घराशी पोहोचली. लाँड्रीसमोर रस्ता माणसांनी भरला होता. हमाल, धुलाईघरातल्या बायका, वसाहतीतले लोक. मावशी खुर्चीवर बसली होती, मास्तर तिच्या मागं उभे होते. सगळ्यांनी बाजूला होऊन जिन्यापर्यंत वाट करून दिली.

आई खाटेशी परत बसली होती. चिमी दारात थांबली.

"झालं सगळं?" आईनं विचारलं.

"झालं."

"मग ये आता," आई म्हणाली, आणि स्टुलावर जरा सरकून तिनं लेकीला जागा करून दिली.